ई-कोर्ट्स अ‍ॅप: तारीख सगळेच बघतात, 'कशासाठी' हा रकाना वाचा

केस सुरू असलेला माणूस वकिलाला पहिला प्रश्न विचारतो तो "पुढची तारीख कधी?" दुसरा प्रश्न फार थोडे जण विचारतात, "तारीख कशासाठी?" ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अ‍ॅप दोन्हींची उत्तरं देतं. बहुतेक लोक पहिलं उत्तर वाचून फोन खिशात ठेवतात. मग पुराव्याच्या दिवशी मूळ खरेदीखत घरच्या कपाटात राहतं, जामीनदार नेमका गावाला गेलेला असतो, नाहीतर कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची मुदत निघून गेल्याचं कोर्टात उभं राहिल्यावर कळतं. हे परीक्षण दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत दावा किंवा खटला चालू असलेल्या, कायद्याचं शिक्षण नसलेल्या पक्षकाराला या अ‍ॅपचा तयारीसाठी कितपत उपयोग होतो, एवढंच इथे तपासलं आहे.

आधी गुण सांगून टाकतो. तारीख आणि टप्पा कळण्यासाठी पाचपैकी साडेचार. आदेश आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) वाचण्यासाठी साडेतीन. नावावरून केस शोधण्यासाठी अडीच. समोर आलेली माहिती नवख्या माणसाला समजावून सांगण्याच्या बाबतीत दीड, आणि तो दीड फार वाटतो, कारण खरी गरज तिथेच आहे.

अ‍ॅप मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत, मराठीही निवडता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या प्रकल्पाचा हा भाग असून त्यामागची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, बांधली आहे. मिळत्याजुळत्या नावाची खासगी अ‍ॅप्स बरीच आहेत. पैसे, वर्गणी किंवा जाहिरात दिसली की ते हे अ‍ॅप नव्हे. आणि "तुमच्यावर केस झाली आहे, सोबतची फाइल उघडा" असा संदेश आला तर ती फाइल उघडू नका. कोर्ट कोणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्या. हे अ‍ॅप स्वतः काही ठरवत नाही. कोर्टातल्या संगणकात क्लार्कने जे भरलं, तेच तुम्हाला दिसतं. सकाळी अकरा वाजता पुकारा झालेल्या केसची पुढची तारीख अ‍ॅपवर संध्याकाळी येते, कधी दुसऱ्या दिवशी. कोर्टातून बाहेर पडल्या पडल्या अ‍ॅप उघडून "तारीखच पडली नाही" म्हणून घाबरण्याचं कारण नाही. मात्र तारीख उलटून दोन कामाचे दिवस गेले आणि पडद्यावर अजून जुनीच तारीख असेल, तर वाट बघत बसू नका. वकिलांच्या कारकुनाला फोन करा किंवा त्या कोर्टाच्या क्लार्ककडे केस नंबर घेऊन जा. "अ‍ॅपवर तारीख दिसत नव्हती" हे गैरहजेरीचं कारण म्हणून चालेल, असं धरून चालू नका.

सीएनआर: सोळा खुणांचा क्रमांक

प्रत्येक केसला सीएनआर नावाचा सोळा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, त्यानंतरच्या दोन खुणा त्या न्यायालयाच्या आस्थापनेच्या, मग सहा आकडे केसचा अनुक्रम आणि शेवटचे चार आकडे वर्ष. पुण्याच्या जिल्हा न्यायालयातला क्रमांक 'एम एच पी यू ०१' असा सुरू होतो. शेवटच्या दहा जागी नेहमी आकडेच असतात. तिथे शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाकला, किंवा अनुक्रमाआधीची शून्यं गाळली, की केस सापडत नाही. सर्वात जास्त चुका इथेच होतात. हा क्रमांक समन्सवर, नोटिशीवर, आदेशाच्या पहिल्या पानावर सापडतो. वकिलांकडून तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. वकील बदलले, फाइल हरवली, घरातला केस बघणारा माणूस गेला, तरी या एका क्रमांकावरून सगळी केस पुन्हा हाती येते. केसच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर तो पेनाने लिहून ठेवा.

केस नंबर वेगळा आणि सीएनआर वेगळा. 'आर.सी.एस. २१४/२०२२' हा झाला केस नंबर. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा, स्पेशल सी.एस. म्हणजे विशेष दिवाणी दावा, आर.सी.ए. म्हणजे दिवाणी अपील, आर.डी. म्हणजे हुकूमनाम्याच्या (दिवाणी दाव्यात कोर्टाने दिलेल्या निकालाच्या) अंमलबजावणीची दरखास्त. आर.सी.सी. हा नियमित फौजदारी खटला. एस.सी.सी. हा संक्षिप्त फौजदारी खटला, चेक न वटल्याच्या तक्रारी बहुधा यात असतात. एम.ए.सी.पी. म्हणजे मोटार अपघात नुकसानभरपाई. गंभीर गुन्ह्याचा खटला दंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयात वर्ग झाला की जुना नंबर निकाली दिसतो आणि सत्र खटल्याचा नवा नंबर पडतो. 'डिस्पोज्ड' वाचून केस संपली असं समजणारे असतात. खाली निकालाचं स्वरूप लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.

नावावरून शोधायचं तर धीर लागतो. जिल्हा, न्यायालय संकुल, वर्ष आणि नावाची किमान तीन अक्षरं द्यावी लागतात. आपल्याकडे पक्षकारांची नावं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत भरलेली असतात, आणि घोळ स्पेलिंगमध्ये होतो. पवार डब्ल्यूने की व्हीने, चौधरीत किती 'ओ' आणि 'यू', वाघमारेच्या शेवटी एक 'ई' की दोन, हे ज्याने भरलं त्याच्यावर. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार अक्षरं टाका. नाही सापडलं तर समोरच्या पक्षाचं नाव टाका, बँक किंवा कंपनी असेल तर ते नाव जास्त लवकर लागतं. 'प्रलंबित' आणि 'निकाली' यांपैकी एकच न निवडता दोन्ही निवडा. वर्ष नक्की माहीत नसेल तर मागचं-पुढचं वर्ष बघा. डिसेंबरात दाखल केलेला दावा कधीकधी जानेवारीत नोंदला जातो.

फौजदारीत पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष यावरून शोधता येतं, आणि हा मार्ग नावापेक्षा कितीतरी खात्रीचा. दोषारोपपत्र कोर्टात येईपर्यंत नियमित खटला दिसणार नाही. जामीन अर्जाचा नंबर वेगळाच असतो.

पडद्यावर काय वाचायचं

केस उघडली की वर दाखल दिनांक, नोंदणी दिनांक, पुढची तारीख, टप्पा आणि न्यायाधीशांचं पद दिसतं. पद नीट वाचा. '३ रे सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' असं काहीतरी असेल. न्यायाधीशांची बदली होते, पद राहतं. कोर्टाच्या फाटकावर पोलिसाला किंवा पट्टेवाल्याला न्यायाधीशांचं नाव न विचारता हे पद विचारा, लगेच खोली दाखवतात. अ‍ॅप न्यायालय संकुलाचा नकाशा दाखवतं, मजला आणि खोली सांगत नाही. मोठ्या शहरातल्या संकुलात खोली शोधण्यातच वीस मिनिटं जातात. पहिल्या तारखेला दहा वाजता पोहोचा.

आता टप्पा. इथे अ‍ॅप इंग्रजी लघुरूपं दाखवून मोकळं होतं, त्यांचा अर्थ कुठेच देत नाही. मराठी निवडली तरी बटणं आणि रकान्यांची नावं मराठीत होतात, आतला मजकूर बहुधा इंग्रजीच राहतो. म्हणून नेहमीचे टप्पे आणि त्या दिवशीची तयारी इथे थोडी सविस्तर.

'अनरेडी' हा शब्द जोडलेला कोणताही टप्पा, उदाहरणार्थ 'समन्स अनरेडी' किंवा 'नोटीस अनरेडी', म्हणजे केस अजून सुनावणीला तयार नाही, कागदी कामं बाकी आहेत. तुम्ही वादी असाल तर बेलिफाचा अहवाल आला का ते तपासा. समन्स 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं असेल तर नवा पत्ता शोधून देणं तुमचं काम आहे, कोर्टाचं नाही. 'स्टेप्स' असं दिसलं तर तुमच्याकडून प्रोसेस फी (समन्स बजावण्याचं शुल्क), प्रती किंवा पत्ता यायचा राहिला आहे. याकडे सलग दुर्लक्ष झालं की दावा तेवढ्याच कारणाने काढून टाकता येतो. किरकोळ वाटणाऱ्या या टप्प्यावर दावे मरतात, कारण "नुसतं समन्सच आहे, जाऊन काय करायचं" असं वाटतं.

'अपिअरन्स' म्हणजे हजर होणं. प्रतिवादी असाल तर समन्ससोबत दाव्याची आणि कागदांची प्रत मिळाली का ते बघा. मिळाली नसेल तर त्याच दिवशी मागा. वकील ठरले असतील तर वकीलपत्र सही करून तयार हवं. ठरले नसतील तर स्वतः हजर होऊन वकील नेमण्यासाठी वेळ मागण्याचा अर्ज द्या. गैरहजर राहिलात तर दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश होऊ शकतो.

'डब्ल्यू.एस.' म्हणजे कैफियत, दाव्याला लेखी उत्तर. या टप्प्यावर लोक एक हिशेब हमखास चुकतात. तीस दिवसांची मुदत समन्स हातात पडल्यापासून मोजायची असते, कोर्टाच्या पहिल्या तारखेपासून नाही. कोर्ट कारणं नोंदवून ती नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. साध्या दिवाणी दाव्यात त्यानंतरही खर्च बसवून कैफियत घेतली जाते, पण तो हक्क नाही, न्यायालयाची मर्जी आहे. व्यापारी न्यायालयातल्या दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंदच होतं. म्हणून समन्स घेतलेली तारीख पाकिटावरच लिहा. रोजनाम्यात 'नो डब्ल्यू.एस.', म्हणजे कैफियतीशिवाय पुढे जाण्याचा, आदेश झाल्याचं दिसलं तर तो रद्द करण्याचा अर्ज आणि तयार कैफियत एकत्र द्यावी. नुसत्या अर्जाने काम लांबतं.

'से' म्हणजे म्हणणं. हे बहुधा तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर असतं. आपल्या कोर्टांत या अर्जाला सर्रास 'निशाणी ५' म्हणतात (निशाणी म्हणजे दाखल कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक). म्हणणं आणि कैफियत ही दोन वेगळी उत्तरं आहेत. कैफियत हेच म्हणणं समजावं अशी पुरशीस (कोर्टाला लेखी कळवणं) देता येते, पण दोहोंपैकी काहीच दिलं नाही तर मनाईचा निर्णय तुमचं न ऐकता होईल. या दिवसासाठी ताबा दाखवणारे कागद हवेत: डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, घरपट्टीच्या आणि विजेच्या पावत्या, तारीख दिसणारे फोटो. या टप्प्यावर कागद जेवढे जुने आणि सलग, तेवढे उपयोगी. केस दाखल झाल्यानंतर काढलेला एकच फोटो फारसं काही सांगत नाही.

'इश्यूज' म्हणजे मुद्दे काढणं, कोर्टाने कोणते वादाचे प्रश्न ठरवायचे ते नक्की करणं. त्या दिवशी पक्षकाराला विशेष काम नसतं. पण मुद्दे निघाल्यापासून पंधरा दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची असते, आणि ती आठवण अ‍ॅप करून देत नाही. कॅलेंडरमध्ये स्वतः नोंद करा. निघालेले मुद्दे वाचून काढा, कारण पुढचा सगळा पुरावा त्यांच्याभोवती फिरतो आणि कोणता मुद्दा सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे ते तिथे कळतं.

'एव्हिडन्स' या एका शब्दात तीन वेगळे दिवस लपलेले असतात, आणि इथे अ‍ॅप सर्वात कमी पडतं. सरतपासाचं (साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या साक्षीचं) शपथपत्र दाखल करायचा दिवस, कागदांना निशाणी पडण्याचा दिवस आणि उलटतपासाचा (समोरच्या वकिलांनी प्रश्न विचारण्याचा) दिवस, तिन्हींना हाच शब्द. कोणता दिवस आहे हे मागच्या तारखेच्या रोजनाम्यावरून शोधावं लागतं. तिथे शपथपत्र दाखल झाल्याची नोंद असेल आणि समोरच्या वकिलांनी वेळ मागितली असेल, तर येणारा दिवस उलटतपासाचा.

उलटतपासाच्या आधी तीन गोष्टी वाचून जायच्या: स्वतःचा दावा किंवा कैफियत, स्वतःचं सरतपासाचं शपथपत्र, आणि त्यासोबत दिलेले कागद. पाठांतर नको. शपथपत्रात आपल्या नावावर काय लिहिलं आहे हेच अनेकांना माहीत नसतं, आणि समोरचे वकील पहिला प्रश्न तिथूनच काढतात. "शपथपत्र मराठीत वाचून दाखवलं होतं का, समजलं होतं का" या प्रश्नाला अडखळलात की पुढचं सगळं डळमळीत होतं. उत्तर प्रश्नापुरतंच द्या. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाज सांगू नका. "असे म्हणणे खोटे आहे की" अशा लांब वाक्यात प्रश्न आला तर तो पूर्ण ऐका. नकारात नकार असतो, आणि घाईत 'हो' म्हणून माणूस स्वतःविरुद्ध बोलून जातो. समजला नाही तर न्यायाधीशांना सांगून पुन्हा विचारायला लावता येतं. शेवटी टंकलेली साक्ष सही करण्याआधी वाचा. चूक असेल तर सहीआधीच न्यायाधीशांच्या नजरेस आणायची असते.

मूळ कागद त्या दिवशी सोबत हवेतच. झेरॉक्सला निशाणी पडत नाही, आणि मूळ हरवलं असेल तर दुय्यम पुराव्यासाठी, म्हणजे मूळाऐवजी प्रत दाखवण्यासाठी, वेगळा अर्ज लागतो. व्हॉट्सअ‍ॅप संदेश, रेकॉर्डिंग किंवा सीसीटीव्ही दाखवायचं असेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचा हॅश आकडाही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) द्यावा लागतो. हे काम आदल्या संध्याकाळी होत नाही. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

फौजदारीतले टप्पे वाचताना आरोपीने एक शब्द कधीच नजरेआड करू नये: 'एन.बी.डब्ल्यू.', अजामीनपात्र वॉरंट. तो दिसला की पुढच्या तारखेची वाट न बघता वकिलांमार्फत स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. गैरहजेरीचं कारण दाखवणारा कागद, म्हणजे दवाखान्याची फाइल किंवा प्रवासाचं तिकीट, सोबत असावा. पोलीस दारात येईपर्यंत थांबलेल्या माणसाची बाजू आपोआप कमकुवत होते. एखाद्या तारखेला येणं खरंच शक्य नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५५ खाली हजेरीतून सूट मागता येते. जुन्या कायद्यात हेच कलम ३१७ होतं, आणि जुने वकील अजून तोच आकडा बोलतात. हा अर्ज पुकाऱ्याच्या आधी कोर्टात पोहोचायला हवा. दुपारी चारला पाठवलेल्या अर्जाला तोवर निघालेलं वॉरंट दिसतं.

'प्ली' म्हणजे आरोप वाचून गुन्हा कबूल आहे का असं विचारणं, तिथे आरोपीची हजेरी लागते. '३१३' असं दिसलं, किंवा नव्या संहितेनुसार '३५१', तर साक्षीपुराव्यावर आरोपीला स्वतःला प्रश्न विचारले जाणार. त्याची उत्तरं वकिलांसोबत आधी बोलून ठेवा. 'जजमेंट'च्या दिवशी आरोपी, जामीनदार, जामीनदाराची कागदपत्रं आणि दंड किंवा जातमुचलक्यासाठी (आरोपीने स्वतः लिहून द्यायच्या हमीसाठी) लागतील तेवढे पैसे, सगळं एकत्र हवं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपिलासाठी तेच कोर्ट शिक्षा स्थगित करू शकतं, पण त्यासाठीचा अर्ज आणि जामीनदार त्याच दिवशी तयार लागतात.

रोजनामा आणि आदेश

केसच्या पानावर खाली सुनावण्यांचा तक्ता असतो. त्यातल्या प्रत्येक जुन्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते उघडतं. अ‍ॅपचा सर्वात मोलाचा भाग हाच, आणि सर्वात कमी वापरला जाणाराही. वकील हजर होते का, वेळ कोणी मागितली, खर्च किती बसला, 'शेवटची संधी' असं लिहिलंय का, हे सगळं दोन-तीन ओळींत मिळतं. नोंदी कोर्टागणिक वेगळ्या: काही ठिकाणी नीट रोजनामा, काही ठिकाणी नुसतं 'अ‍ॅडजर्न्ड'. खर्च बसवला असेल आणि तो आधी भरण्याची अट असेल, तर तो भरल्याशिवाय तुमची कैफियत किंवा साक्ष घेतली जात नाही. पावती फाइलला लावा.

मागच्या पाच-सहा तारखांत तुमच्याच बाजूने वेळ मागितलेली दिसली, तर वकिलांशी शांतपणे बोला. दिवाणी प्रक्रिया संहितेत सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं आहे. प्रत्यक्षात ती जास्त वेळा मिळते, पण कधी नाकारली जाईल ते सांगता येत नाही. वकिलांशी बोलताना अ‍ॅपचा स्क्रीनशॉट तोंडावर धरू नका. "मागच्या वेळी पुरावा होता, यावेळी आपल्याला काय तयार ठेवायचं?" असा प्रश्न जास्त काम करतो.

अंतरिम आदेश आणि निकाल पीडीएफमध्ये उतरवता येतात. ही प्रत वाचण्यासाठी आहे, अपिलासाठी नाही. अपिलाला प्रमाणित प्रत, म्हणजे नक्कल, लागते. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. नक्कल मिळायला लागलेला वेळ या मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज केल्यापासूनचाच. पीडीएफ हातात आहे म्हणून अर्ज लांबवणारे ते दिवस गमावतात.

टप्प्याच्या जागी 'डिसमिस्ड इन डिफॉल्ट' दिसलं तर वादी गैरहजर म्हणून दावा काढला गेला आहे. तो पुन्हा सुरू करण्याच्या अर्जाला त्या तारखेपासून तीस दिवस असतात. महिन्यातून एकदा जरी अ‍ॅप उघडलं असतं तर वाचले असते असे दावे बरेच असतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठीही तीस दिवसच, मात्र समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

बाकीच्या सोयी थोडक्यात

'माझ्या केसेस' मध्ये केस जतन केली की दर वेळी शोधावी लागत नाही. ती यादी फोनमध्येच राहते, म्हणून फोन बदलण्याआधी एक्सपोर्ट करून फाइल जपून ठेवा आणि नव्या फोनमध्ये इम्पोर्ट करा. यादी जुनी माहिती दाखवत राहते, उघडल्यावर रिफ्रेश दाबायची सवय लावा. कॉज लिस्ट, म्हणजे आपला रोजचा बोर्ड, आदल्या दिवशी बघून आपला क्रमांक टिपून ठेवा. पण बोर्डावरचा क्रमांक म्हणजे पुकाऱ्याची वेळ नव्हे. सत्तराव्या क्रमांकाची केस अकराला पुकारली जाते आणि दहावी दुपारनंतर राहते. पहिल्या पुकाऱ्याला खोलीतच असा, फोन सायलेंट करून.

इंटरनेट नसलेल्या फोनसाठी एसएमएस आहे. इंग्रजीत ई-कोर्ट्स हा शब्द सलग लिहून, जागा सोडून सीएनआर टाका आणि ९७६६८९९८९९ वर पाठवा. केस दाखल करताना पक्षकाराचा मोबाइल नंबर भरला असेल तर तारखांचे संदेश आपोआपही येतात. अनेकदा तिथे फक्त वकिलांचा नंबर असतो. तुमचाही नोंदवायला सांगा.

उच्च न्यायालयासाठी अ‍ॅपमध्ये वेगळा विभाग निवडावा लागतो, नाहीतर केस सापडणार नाही. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांनी ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच लक्षात ठेवावं, जुन्या केसवर मुंबईचा उल्लेख असला तरी. ग्राहक आयोगाच्या तक्रारी या अ‍ॅपवर नाहीत, त्यांच्यासाठी ई-जागृती हे वेगळं पोर्टल आहे. तहसीलदार आणि प्रांत यांच्यापुढची महसुली प्रकरणंही इथे मिळणार नाहीत, फेरफाराच्या वादातले लोक इथे व्यर्थ शोधत बसतात. पती-पत्नीच्या किंवा बालकांवरील अत्याचाराच्या प्रकरणांत नावं आणि आदेश झाकलेले असतात. तो बिघाड नाही, तसंच असायला हवं.

ज्यांना यातलं काहीच फोनवर जमत नाही, त्यांच्यासाठी न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रं आहेत. तिथे सीएनआर काढून देतात, तारीख सांगतात, नकलेच्या अर्जाची माहिती देतात. खटला कसा लढवायचा हे मात्र तिथे विचारू नका, ते त्यांचं काम नाही. त्यासाठी आवारातच जिल्हा किंवा तालुका विधी सेवेचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जाताना आधार, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला आणि समन्सची प्रत न्या. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा मोफत क्रमांक आहे. पुढच्या तारखेला निदान पंधरा दिवस हातात असताना अर्ज केला, तर नेमलेल्या वकिलांना फाइल वाचायला वेळ मिळतो.